घर, गर्भ आणि सोंग : ‘अशी ही बनवाबनवी’तील डोहाळजेवण

‘अशी ही बनवाबनवी’ (1988) हा सचिन दिग्दर्शित चित्रपट केवळ विनोदी म्हणून ओळखला जातो. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (1966) या हिंदी चित्रपटावर तो आधारलेला असून त्याची पटकथा व संवाद वसंत सबनीस यांचे आहेत. त्यातील हास्याच्या मुळाशी असलेला निवाऱ्याचा प्रश्न मात्र समीक्षेत दुय्यम ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

घरमालकीण लीलाबाई काळभोर यांची अट एकच : भाडेकरू विवाहित हवेत. त्यामुळे धनंजय मानेसाठी परशुराम ‘पार्वती’ होतो, शंतनूसाठी सुधीर ‘सुधा’ होतो. येथे विवाह हा संस्कार राहत नाही. तो भाडेपट्ट्याचा दाखला बनतो. या अविश्वासाला सामाजिक पार्श्वभूमी आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पुण्या-मुंबईतील भाडी गोठली, भाडेकरूस संरक्षण मिळाले आणि नवा भाडेकरू ठेवणे मालकास जोखमीचे वाटू लागले. विदर्भात 1949 चा वेगळा आदेश लागू होता. पुढे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने दोन्हींची जागा घेतली.

पार्वतीचे गरोदरपण हा या बनावाचा कळस होय. पहिले असत्य शब्दाचे होते, दुसरे वेषाचे. तिसऱ्यासाठी शरीरच साक्षीला काढावे लागते. डोहाळजेवणाच्या प्रसंगात प्रेक्षक हसतो, कारण गर्भ खोटा आहे हे त्याला ठाऊक असते. परंतु लीलाबाईंची माया खरी असते. ज्या घरात भाडेकरू म्हणून प्रवेश मिळाला, तेथेच माहेरपणाचे कौतुक वाट्याला येते. व्यवहाराचे नात्यात रूपांतर होते, आणि म्हणूनच फसवणूक अधिक बोचरी ठरते.

भंडारा जिल्ह्यातील आसगाव ज्या झाडीपट्टीत येते, तेथील दंडारीत पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे ही जुनी रीत आहे. तेथील प्रेक्षकाला सोंग नवे नाही. दंडारीतील सोंग मात्र सर्वांच्या संमतीने घेतलेले असते आणि खेळ संपताच उतरते. चित्रपटातील सोंग उतरले, तर छप्परच जाते. गावचा मुलगा शिक्षणासाठी नागपुरात खोली शोधू लागला, की ‘एकटाच आहेस का?’ या प्रश्नातील धार त्याला कळते.

चित्रपटाची मर्यादाही येथेच दिसते. स्त्रीचे पत्नीपण आणि मातृत्व या घराच्या किल्ल्या ठरतात. पण त्या वापरतात पुरुष. घराच्या शोधातील खरी गर्भवती पडद्यावर येतच नाही. तिच्या वाट्याचे घर खोट्या पार्वतीला मिळते, आणि प्रेक्षक मनमुराद हसतो. या हास्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न विचारल्याखेरीज या चित्रपटाचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.