अभ्यासवर्ग : फादर लग्न का करीत नाहीत?



मागच्या रविवारी मडगावच्या आपल्या एका भगिनीने एक प्रश्न विचारला. तिच्या शेजारच्या ख्रिस्ती घरातला एकुलता एक मुलगा फादर व्हायला राशोलच्या सेमिनरीत निघालाय. त्याची आई दिवसभर हसतमुख असते आणि संध्याकाळी कुंपणापाशी येऊन डोळे पुसते. "यांना लग्न का करू देत नाहीत हो? त्या माऊलीला मी काय सांगू?" त्यावर ग्रुपवर लगेच एक फॉरवर्ड आला, की चर्चच्या इस्टेटीचे वाटे पडू नयेत म्हणून हे सगळं, बाकी धर्मबिर्म काही नाही. दोन-चार हसरे चेहरेही पडले. आम्हाला ते बरं वाटलं नाही. दुसऱ्याच्या व्रताबद्दल बोलायचं तर आधी माहिती करून घ्यावी, म्हणून या आठवड्याचा अभ्यास यावरच.

मुळात हा चर्चने घातलेला नियम आहे, श्रद्धेचा सिद्धांत नव्हे. कॅथलिक लोक ज्याला पहिला पोप मानतात, त्या पीटरच्या सासूचा ताप येशूने उतरवल्याची कथा बायबलमध्येच आहे. म्हणजे पीटर संसारी होता! येशू स्वतः मात्र अविवाहित राहिला. देवाच्या राज्यासाठी काही जण लग्नाविना राहतात, ज्याला झेपेल त्याने ते स्वीकारावं, असं त्याने सांगितल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. पुढे संत पॉलने करिंथच्या मंडळींना लिहिलं, की संसारी माणसाचं मन दोन ठिकाणी वाटलं जातं. पण हा प्रभूचा हुकूम नव्हे, माझं मत आहे, हेही त्यानेच स्पष्ट केलं.

मताचा कायदा व्हायला हजार वर्षं लागली. इ.स. 300 नंतर लवकरच स्पेनमधल्या एल्विरा इथल्या धर्मसभेने पाद्र्यांनी पत्नीपासून दूर राहावं असा ठराव केला. ठराव झाला खरा, पण गावोगावचे पाद्री पुढेही कित्येक शतकं मुलाबाळांत राहिले. इथे फॉरवर्डमधलं अर्धं सत्य येतं. चर्चच्या जमिनी पाद्र्याच्या मुलांकडे जाऊ लागल्या, बापामागे मुलगाच गादीवर बसू लागला. देवस्थानाच्या इनामावरून भावकीत काय होतं, हे आपल्यापैकी अनेक घरांना ठाऊक आहे, तसंच. 1074 मध्ये पोप सातव्या ग्रेगरीने यावर कडक पवित्रा घेतला, तेव्हा पाद्र्यांनीच मोठा विरोध केला. शेवटी 1139 मध्ये रोमच्या दुसऱ्या लॅटरन सभेने ठरवलं की दीक्षेनंतर पाद्र्याने केलेलं लग्न हे लग्नच नव्हे. मार्टिन ल्यूथरने हे नाकारलं आणि 1525 मध्ये एका माजी ननशी लग्न केलं. ट्रेंटच्या सभेने 1563 मध्ये नियम कायम ठेवला, आणि त्याच सभेने पाद्री घडवायला सेमिनऱ्या काढायला सांगितल्या.

पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. इस्टेटीसाठी कोणी आयुष्यभर एकटं राहत नाही हो! कॅथलिक श्रद्धेत चर्च ही ख्रिस्ताची वधू, आणि वेदीपाशी उभा राहणारा फादर ख्रिस्ताच्या जागी उभा असतो. शिवाय तो कुणा एका घराचा नाही म्हणून सगळ्या घरांचा. हे समजायला गोव्याचेच संत जुझे वाझ बघा. जन्म 1651, बाणावलीचा. श्रीलंकेत डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती. 1687 मध्ये हे भिकाऱ्याच्या वेषात तिथे उतरले. कँडीत हेर समजून कैदेत पडले. 1697 मध्ये देवीची साथ आली, तेव्हा घरच्यांनी टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली. गोव्याला परत आलेच नाहीत, 1711 मध्ये कँडीतच देह ठेवला. मागे बायको-मुलं असती तर? गेलेही असते कदाचित, पण मग त्यांचं कोण?

हा नियम सगळीकडे सारखा नाही, हेही लक्षात ठेवावं. पूर्वेकडच्या अनेक कॅथलिक शाखांत लग्न झालेला माणूस पाद्री होऊ शकतो, मात्र पाद्री झाल्यावर लग्न नाही, आणि बिशप अविवाहितच. केरळच्या मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळींतही अशीच रीत आहे. आणखी एक गैरसमज. सगळेच फादर निर्धनतेचं व्रत घेत नाहीत. जेसुइटांसारख्या संघातले ते घेतात. धर्मप्रांताचा साधा फादर ब्रह्मचर्याचं आणि बिशपच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो, पण स्वतःच्या नावावर घर ठेवू शकतो.

व्रत मोडतंही. अनेक देशांत पाद्र्यांनी मुलांवर केलेले अत्याचार उघड झाले, काही ठिकाणी वरिष्ठांनी ते झाकले. यावर पांघरूण घालू नये. त्याचा दोष ब्रह्मचर्याला द्यावा का, यावर त्यांच्यातच वाद आहे. आम्हाला वाटतं, संसारी माणसंही असं पाप करतात, तेव्हा उत्तर इतकं सोपं नसावं. पण एकटेपण सांभाळायला सोबत लागते, हे खरं. ज्याला निभत नाही तो पोपकडून मोकळीक घेऊन लग्न करू शकतो. त्याला मिस्सा करता येत नाही, पण धर्माबाहेर काढत नाहीत. संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांचं आणि त्यांच्या लेकरांचं आळंदीत काय झालं, ते आठवलं की आपण जरा गप्प बसावं.

आता त्या माऊलीबद्दल. मुलगा सेमिनरीत गेला म्हणजे त्याच दिवशी वचनात बांधला गेला, असं नाही. आधी तत्त्वज्ञान, मग ईश्वरशास्त्र, अशी कित्येक वर्षं जातात. ब्रह्मचर्याचं वचन शेवटी शेवटी, डीकनची दीक्षा घेताना द्यायचं असतं. तोवर तो घरी परत येऊ शकतो, त्यात लाज नाही. आपल्या भगिनीने हे त्याच संध्याकाळी कुंपणापाशी सांगितलं. ती बाई म्हणाली, "हें म्हाका खबर आसा गो. तो परत येवचो ना, तेंय खबर आसा." मग दोघी तिथेच बराच वेळ उभ्या राहिल्या. पुढच्या महिन्यात भेटीच्या दिवशी दोघी मिळून राशोलला जाणार आहेत.