कोठ्यातली माया आणि कागदावरचा प्रश्न

परभाषेतील प्रश्नावली मराठीत आणण्याचे काम जे अंगावर घेतील, त्यांच्यासाठी माझी चूक नमूद करून ठेवतो. कारण सर्व शास्त्रोक्त सोपस्कार पार पाडल्याच्या समाधानातच ती घडली.

पाळीव प्राण्यांविषयी माणसाची वृत्ती मोजणारी, डोनाल्ड टेम्पलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेली १८ विधानांची प्रश्नावली मी यवतमाळ जिल्ह्यासाठी मराठीत उतरवली, मूळ मजकूर न पाहिलेल्या एका जाणकाराकडून तिचे पुन्हा इंग्रजी करवून घेतले, आणि दोन्ही मजकूर तंतोतंत जुळताच कागद छापून घाटंजी तालुक्याची वाट धरली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदमळणीच्या वेळी, एक वृद्ध शेतकरी जुवाने घट्टे पडलेल्या बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळत होते, मधूनमधून त्याच्याशी हलकेच बोलत होते, आणि बैल डोळे मिटून उभा होता. 'पाळीव प्राणी घराबाहेरच ठेवावेत' या आशयाचे विधान मी वाचले, तेव्हा हात न थांबवता ते म्हणाले, "बाहीरच ना जी! मंग कोठा कायले बांधला?" कोठा म्हणजे गोठा. मी 'पूर्ण सहमत'च्या रकान्यात खूण केली, आणि गुणांकनाच्या नियमाने तो मायाळू गृहस्थ प्राण्यांविषयी विन्मुख ठरला.

मूळ कर्त्यांच्या मनात घरातले कुत्रे-मांजर होते. आमच्या 'पाळीव' या शब्दात बैल, शेळी, कोंबडी सारेच नांदतात. परंतु उलट भाषांतर करणारा माझ्यासारखाच शहरी, शिकलेला असल्याने कागदावर हा भेद उमटला नाही. तुर्की भाषेतही 'एव' म्हणजे घर, तरी त्यावरून साधलेल्या 'एव्जिल हायवान' या संज्ञेत गाई-मेंढ्याही येतात. आणि तिथे 'प्राणी' एवढाच अर्थ असलेला 'हायवान' हा मूळचा अरबी शब्द आपल्याकडे 'हैवान' होऊन क्रूर माणसाची शिवी झाला. शब्द प्रवास करतात, अर्थ मात्र त्या त्या घरी नव्याने जन्म घेतो.

म्हणून विनंती अशी की, प्रथम कोणता प्राणी अभिप्रेत आहे ते नाव घेऊन लिहावे. 'असे मला वाटत नाही' असा नकार विधानात ठेवू नये. आपल्याकडे त्यावर 'हो' आले, तर ते बहुधा 'हो, नाही वाटत' असे असते. 'काहीसा सहमत'सारख्या कृत्रिम पायऱ्यांऐवजी, वडीलधाऱ्यांशी बोलताना, सोळा आणे, बारा आणे, आठ आणे, चार आणे पटले काय असे विचारावे. कोलामांच्या पोडावर किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावर मराठी ही घरची भाषा नसते. कोलामी तर द्राविड कुळातील. तेथे मराठी तर्जुम्यावर काम भागवू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे, छपाईपूर्वी गावातल्या दहा-पंधरा जणांना प्रश्न वाचून दाखवावा व तोच त्यांच्या शब्दांत परत सांगण्यास विनवावे. मी हे छपाईनंतर केले. त्याच कोठ्यापाशी जाऊन विचारले, "बाबाजी, मी त्या दिवशी काय विचारलं होतं?" ते म्हणाले, "तुमी इचारलं का बैलाले अलग कोठा हाय का नाई. हाय ना जी!"

छापलेले सर्व कागद मी त्या दिवशी बाद केले.