नऊ व्होल्टचे सगळे अ‍ॅडॉप्टर सारखे नसतात

गाणं होतं ‘दम मारो दम’. १९७१ सालच्या मूळ ध्वनिमुद्रणात गिटार भूपिंदर सिंग यांची आहे, आणि तो सुरुवातीचा तुकडा वाजला की समोरच्या म्हाताऱ्या माणसांच्याही माना हलतात. त्या आवाजासाठी मी आठ दिवस खपले होते. माझ्या डिजिटल मल्टी-इफेक्ट्स पेडलवर कोरस किती, डिले किती, सगळं ऐकून ऐकून जुळवलं होतं. कोल्हापुरात एका तालमीच्या गणपतीसमोर कार्यक्रम, रस्ता माणसांनी भरलेला. पहिला तुकडा अर्धा झाला आणि आवाजच गेला.

पेडलच्या पडद्यावर कंपनीचं नाव आलं, मग पहिल्या नंबरचा पॅच, म्हणजे साठवून ठेवलेलं आवाजाचं सेटिंग. पेडल बंद पडून पुन्हा चालू होत होतं. सहा-सात सेकंद गेली असतील. तेवढ्यात निवेदक माइकवरून म्हणाला, “मॅडमचा सराव जरा कमी पडलाय वाटतं!” लोक हसले. माझं बोट कुठेही चुकलं नव्हतं, हे त्या गर्दीत कुणाला सांगणार? त्या रात्री असं आणखी दोनदा झालं.

मध्यंतरात स्टेजमागे मोबाइलच्या उजेडात मी पेडल उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ९ व्होल्ट, ५०० मिलिअँपिअर. अ‍ॅडॉप्टर काढायला गेले तर हाताला चटका बसला. त्याच्यावर होतं, ९ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर. मी तशीच बसून राहिले. कारण पेडल घेतलं त्या दुकानात मी नेमकं हेच विचारलं होतं. पेडलच्या बॉक्समध्ये अ‍ॅडॉप्टर येत नव्हता. मालकांनी काउंटरखालून एक काढून दिला, ३५० रुपये वेगळे घेतले. “हा यालाच चालतो ना?” असं मी विचारल्यावर म्हणाले, “मॅडम, नऊ व्होल्टचे सगळे सारखेच. बिनधास्त न्या.”

सारखे नसतात. व्होल्ट जुळले तरी अ‍ॅडॉप्टर किती करंट देऊ शकतो, हा आकडा वेगळा असतो. तो पेडलच्या गरजेपेक्षा जास्त असला तर काही बिघडत नाही, पेडल लागेल तेवढाच घेतं. कमी असला की सगळी गडबड. साधं अ‍ॅनालॉग डिस्टॉर्शन, म्हणजे १९७८ पासून मिळणारं ते बॉसचं नारिंगी डीएस-१ घ्या, त्याला जेमतेम काही मिलिअँपिअर पुरतात, चौकोनी बॅटरीवरही ते कितीतरी दिवस चालतं. डिजिटल पेडलमध्ये मात्र प्रोसेसर असतो, पडदा असतो, दिवे असतात. घरी वीस मिनिटांच्या रियाजात माझ्या अ‍ॅडॉप्टरने कसंबसं निभावलं. स्टेजवर तासभर तापल्यावर, त्यातच स्प्लिटर लावून दुसरं पेडलही त्याच्यावर चढवल्यावर, त्याने मान टाकली. स्प्लिटरचाही सल्ला त्याच दुकानातला. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधे स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता तो वेगळाच. डिजिटल पेडलला स्वतःचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या. पिनेचं ध्रुवचिन्हही पाहून घ्या. बहुतेक गिटार पेडलांना मधली बाजू ऋण लागते आणि उलटी पिन लावली तर पेडल कायमचं जाऊ शकतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. मालकांनी अ‍ॅडॉप्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. “सेटिंग चुकलं असेल तुमचं. मिस्टरांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.” बावीस वर्षं मी गिटार वाजवते आहे. आमच्या घरात गिटारची तार बदलणं मला सोडून कुणालाही येत नाही.

पेडल मात्र वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. साडेसहा हजारांत ट्यूनर, ताल देणारं ड्रम मशीन, लूपर, हेडफोन लावून रात्री फ्लॅटमध्ये कुणाची झोप न मोडता रियाज, शिवाय यूएसबीने थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग. कोरस, डिले, रिव्हर्ब तर चांगलेच आहेत. शिकणाऱ्या मुलांना मी आजही असंच पेडल सुचवते. डिस्टॉर्शन मात्र कोरडं आहे. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की चांगल्या पेडलचा आवाज हळूहळू मोकळा होतो, इथे तो नुसताच बारीक होतो. पॅच बदलताना क्षणभर आवाज तुटतो, म्हणून एका गाण्यात पॅच बदलायचा असेल तर तो ओळीच्या शेवटी, श्वासाच्या जागी बदला. पायाची बटणं इतकी जवळ आहेत की जाड तळव्याच्या चपलेने दोन्ही दाबली जातात.

ऑर्केस्ट्रात आपण बहुधा थेट मिक्सरला जातो. तेव्हा पेडलमधलं कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरच्या पेटीची नक्कल, चालू हवं, नाहीतर डिस्टॉर्शन कापड फाडल्यासारखं वाजतं. गिटार अ‍ॅम्पला लावताना ते बंद करायचं. तयार पॅचवर विसंबू नका, त्यांत दुकानात छाप पडावी म्हणून रिव्हर्ब ओतलेला असतो. आणि घरी हळू आवाजात पॅच बनवू नका. कमी आवाजात कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून आपण ते वाढवत जातो आणि मधला भाग खाली राहतो. स्टेजवर कीबोर्ड आणि ढोलकी सुरू झाली की अशी गिटार बुडते. हॉलमध्ये, बाकीच्या वाद्यांबरोबर, मधला भाग वर ठेवून पॅच पक्का करा. बाकी पेडल घेताना घाई करू नका, चार दुकानं फिरा, आपली गिटार सोबत न्या, हे तर कुणीही सांगेल.

कुणी सांगत नाही ते बिलाचं. “बिल हवं असेल तर जीएसटी लागेल” असं म्हणून त्या दुकानाच्या मालकांनी मला तीनशे रुपये कमी केले होते, आणि मी ऐकलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. हे मला नंतर कळलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला तेव्हा पहिल्याच मिनिटाला त्यांनी बिलाची तारीख विचारली. माझ्या हातात अ‍ॅडॉप्टर होता, त्याच्यावरचा ३०० चा आकडा होता, आणि दुकानाच्या नावाचा एक चिटोराही नव्हता.