पडवीवर कोणतं कौल घालायचं?

मुख्य घराच्या छपराबद्दल कोकणात फारसा वाद होत नाही. वाद होतो पडवीवरून. घराची वळचण १० फुटांवर आहे आणि मालकाला पडवी १० फूट रुंद हवी आहे, असं धरा. मंगलोरी कौलाला मानवणारा फुटाला ७ इंचांचा उतार दिला, तर पडवीच्या बाहेरच्या कडेला छप्पर जमिनीपासून ४ फूट २ इंचांवर येतं. घरात वाकून कोण शिरणार? मग उतार फुटाला साडेचार इंचांवर आणायचा. ६ फूट ३ इंच उंची मिळते, माणूस ताठ मानेनं आत येतो आणि पाऊसही आत यायचा रस्ता शोधू लागतो. दापोली-गुहागरकडे छपरांची कामं घेताना मातीचं कौल की सिमेंटचं, हा प्रश्न मला बहुतेक वेळा याच उताराच्या पडवीसाठी विचारला जातो.

१. नगाचा भाव विचारू नका. मंगलोरी कौलं एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात, सिमेंटची मोठी कौलं १०च्या आसपास. म्हणजे शंभर चौरस फुटांना मातीची १४० आणि सिमेंटची ९३-९४. सिमेंटचं कौल नगाला दीडपट महाग असलं तरी कौलांचा खर्च सारखाच. दुकानात मात्र सगळे नगाचाच भाव सांगतात, कारण ऐकायला तो लहान वाटतो.

२. उतार कमी केला म्हणून पैसे वाचत नाहीत. हे मालकांना पटवणं सगळ्यात अवघड. १० फुटी पडवीचा वासा फुटाला ७ इंचांच्या उतारावर ११ फूट ७ इंच लागतो, साडेचार इंचांच्या उतारावर १० फूट ८ इंच. छप्पर सुमारे आठ टक्के लहान झालं, तेव्हा कौलंही तेवढी कमी लागतील, असा हिशेब मालक करून येतो. पण कमी उतारावर वरच्या कौलाची खालच्यावरची चढण वाढवावी लागते. सिमेंटच्या कौलाची चढण ३ इंचांवरून ४ इंचांवर नेली की कौलं तितक्याच टक्क्यांनी जास्त लागतात. वाचलं ते तिथेच गेलं. मातीच्या मंगलोरी कौलाला तर ही सोयही नाही. त्याच्या खाचा साच्यातच ठरलेल्या असतात, रिपा जवळ घेतल्या की कौल नीट बसतच नाही. माझ्या मते कमी उतारावर सिमेंटच्या कौलाचा खरा फायदा हाच. स्वस्त-महाग नंतर बघू.

३. कौलाखाली काय घालणार, ते आधी ठरवा. फुटाला साडेचार इंचांच्या उतारावर पाणी रेंगाळतं. नैऋत्येचा वारा त्याला कौलांच्या सांध्यांतून वर ढकलतो. भट्टीत थोडं वाकलेलं मातीचं कौल शेजारच्याशी कधी फट ठेवतं, साच्यातून निघालेलं सिमेंटचं तुलनेनं घट्ट बसतं. तरी या उतारावर दोघांवरही एकट्यानं विसंबू नये. खाली पत्रा किंवा मेम्ब्रेन हवंच. ताडपत्री घालून काम उरकणारे असतात, पण उष्णतेनं ती विरते आणि विरल्याचं कळतं तेव्हा सगळी कौलं उतरवावी लागतात.

त्यातही एक मेख आहे. पत्र्यावर थेट आडव्या रिपा ठोकल्या तर आत झिरपलेलं पाणी प्रत्येक रिपेला अडतं, रीप कुजते, खिळ्याच्या भोकातून पाणी खाली उतरतं. आधी वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या, मग त्यांच्यावर आडव्या रिपा, म्हणजे खालून पाणी सरळ पन्हळीपर्यंत जातं आणि हवाही खेळते. या उभ्या पट्ट्या कोटेशनमध्ये क्वचितच दिसतात. नसतील तर विचारा. पत्रा, पट्ट्या, जादा खिळे, जादा मजुरी मिळून जो खर्च होतो, त्यापुढे दोन कौलांच्या भावातला फरक किरकोळ ठरतो.

४. वजनाची भीती अर्धीच खरी. सिमेंटची कौलं जड म्हणून जाडे वासे घ्या, असं सुतार सांगतो. कोरडी कौलं मोजली तर शंभर चौरस फुटांना मातीची साडेतीनशे किलो, सिमेंटची सव्वाचारशेच्या जवळपास. पण मातीचं कौल पाणी पितं, चांगलं कौलही सहज पंधरा टक्क्यांच्या वर. आषाढातल्या छपराचं वजन केलं तर दोघांत फार अंतर राहत नाही. वासे आषाढाच्या हिशेबानंच घ्यावेत.

५. जुनी कौलं स्वस्त मिळतात, पण एका साच्याची मिळाली तरच घ्या. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे किनाऱ्यावर अनेक कारखाने निघाले. प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. पाठीवरचं कारखान्याचं नाव वाचा. दोन नावांची कौलं एका ओळीत आली की सांधा उघडा राहतो, आणि कमी उतारावर तो लगेच गळतो. मोडलेल्या घराची एकसारखी कौलं मिळाली तर मात्र भाग्य समजा. उलट बाजूनं पाहिलं, तर उतरवलेल्या मातीच्या कौलाला गिऱ्हाईक मिळतं, सिमेंटच्याला मी अजून पाहिलेलं नाही.

६. वानरं. यावर काय लिहायचं! सिमेंटचं कौल थोडं जास्त टिकतं, एवढंच. कोणतंही घ्या, शे-दोनशे कौलं जादा घेऊन माळ्यावर ठेवा. पुढे तोच साचा बाजारात असेल याची खात्री नसते.

७. वारा धरूनच पैसे मोजा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कौलं आणि पत्रे दोन्ही उडाले. उभ्या छपरावर वारा दाबतो, चपट्या छपराला तो वर उचलतो. जुन्या घरांत कौलं नुसती रचलेली असायची. पडवीला ते चालत नाही, निदान वळचणीच्या आणि कडेच्या ओळी तरी तारेनं किंवा स्क्रूनं बांधाव्यात. सिमेंटच्या कौलाला खिळ्याची भोकं बहुधा असतात, मातीचं घेताना विचारून घ्यावं.

८. रंगाचा खर्चही धरा. मातीचा लाल रंग आरपार असतो. सिमेंटच्या कौलाचा रंग बरेचदा वरवरचा असतो, तो उतरतो. शेवाळ दोघांवर धरतंच.

चाकरमान्यांना मी हिशेब असा देतो: फुटाला ६ इंचांच्या वर उतार मिळत असेल तर माती, त्याखाली सिमेंट, आणि साडेतीनच्याही खाली जायचं असेल तर कौलं विसरा, चांगला रंगीत पत्रा घाला आणि आवाज सहन करा. नुसत्या हौसेसाठी त्यावर कौलं हवी असतील तर माझी ना नाही, पण तो खर्च छपराच्या नावावर लिहू नका.