पहिला संगणक स्वतः जोडताना : आधी मेळ, मग भाव

कापडाच्या बाजारात नवा माणूस आधी भाव विचारतो आणि जुना माणूस आधी पन्हा व पोत पाहतो. माग ४८ इंचांचा असेल तर त्यावर ६० इंच पन्ह्याचे कापड निघणार नाही, मग सूत कितीही उंची आणा. आज आपल्या समाजातील बरेच विद्यार्थी कॉलेजसाठी संगणकाचे सुटे भाग विकत घेऊन तो घरीच जोडण्याचा विचार करीत आहेत. त्यांना व त्यांच्या पालकांना आमचे सांगणे इतकेच की, आधी मेळ पाहा, मग भाव विचारा.

हा धडा आम्हाला फुकट मिळालेला नाही. २०२२ साली आमच्या मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. आम्ही एका दुकानात गेलो, "कॉलेजसाठी चांगला कॉम्प्युटर द्या" म्हटले आणि पैसे मोजून घरी आलो. आत वीजपुरवठ्याचा जो डबा होता त्यावर धड नावही नव्हते. आठ महिन्यांनी एका संध्याकाळी वीज दोन-तीनदा गेली-आली. तो डबा जळाला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. बिल म्हणून हातात साधी चिठ्ठी होती, त्यामुळे दुकानदाराने हात वर केले. परीक्षा तोंडावर असताना मुलीला मैत्रिणीच्या घरी बसून काम पुरे करावे लागले. दुसऱ्या खेपेस ती म्हणाली, "अब्बा, या वेळी एकेक भाग पाहून घेऊ, जोडीन मी." तिने जोडलेला संगणक आजही चालू आहे. त्या खरेदीत जे कळले ते येथे मांडत आहोत.

काम कोणते?

मुलगा वसतिगृहात राहणार असेल तर सरळ लॅपटॉप घ्यावा. घरी राहून शिकणाऱ्यासाठी मात्र जोडलेला संगणक सोयीचा, कारण बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. वाणिज्य शाखा, टॅली, प्रोग्रॅमिंग व लिखाण यांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. वास्तुशास्त्र, त्रिमिती चित्रण किंवा मशीन लर्निंगचे जड काम असेल तरच त्याचा खर्च करावा. कॉलेजात कोणती सॉफ्टवेअर शिकवतात त्याची यादी आधी आणावी.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

ही जोडी एकत्रच ठरवावी. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या १२ व्या, १३ व्या व १४ व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट लागते. एएमडीचे जुने सॉकेट एएम४, तर २०२२ साली आलेले एएम५. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही.

उदाहरणार्थ, २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी घ्या. यात ६ कोअर आहेत, चित्र दाखवणारा भाग आतच आहे आणि डब्यात पंखाही मिळतो. सोबत ए५२० किंवा बी५५० जातीचा एएम४ मदरबोर्ड चालतो. कॉलेजच्या सामान्य कामाला ही जोडी पुरेशी आहे. मात्र एएम४ आता रस्त्याच्या शेवटाला आले आहे. पुढे नवा प्रोसेसर बसवण्याची इच्छा असेल तर जास्त पैसे घालून एएम५ घ्यावे.

नावाच्या शेवटचे अक्षर नीट वाचावे. इंटेलच्या आकड्यापुढे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नाही, वेगळे कार्ड लागणारच. एफचा माल स्वस्त म्हणून उचलला आणि घरी येऊन पडदा काळा राहिला, असे होऊ देऊ नका. मदरबोर्डचे बायोस त्या प्रोसेसरला ओळखेल काय, हेही दुकानातच विचारून घ्यावे.

रॅम आणि साठवण

डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एक दुसऱ्यात जात नाही, जोर लावू नये. एएम४ ला डीडीआर४ आणि एएम५ ला डीडीआर५ लागते. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे येतात, म्हणून खोक्यावर वाचून घ्यावे. १६ जीबी रॅम हवी असेल तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरते, त्यामुळे दोन पट्ट्यांचा फायदा लगेच दिसतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकदम चढले, कारण कारखान्यांचा माल एआयच्या डेटा केंद्रांकडे वळला. हात आखडता असेल तर आज ८ ची एक पट्टी घ्या, दुसरी जागा रिकामी ठेवा.

साठवणीसाठी ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्यावर वेगात जो फरक पडतो तो दुसऱ्या कोणत्याही भागाने पडत नाही.

येथे काटकसर नको

वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस, नावाजलेल्या कंपनीचा आणि '८० प्लस' शिक्क्याचा घ्यावा. वेगळे कार्ड नसलेल्या संगणकाला ४५० वॉट भरपूर होतात. सोबत यूपीएस हवाच. त्यावरचा ६०० व्हीए आकडा म्हणजे ६०० वॉट नव्हेत. बहुधा ३६० च्या आसपास वॉट मिळतात. घरातल्या प्लगला अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

बिल

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हा बाजार भरलेला आहे. निदान तीन दुकानांत लेखी भाव घ्या. भाव सांगताना १८ टक्के जीएसटी धरून की वगळून, हे विचारा. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या. सुट्या मालाला कंपनीची हमी सहसा मिळत नाही. व्यापारी बंधूंना एक सूचना : मुलाच्या शिक्षणाचा संगणक दुकानाच्या खर्चात दाखवून त्याची कर-वजावट घेऊ नका. ती कायद्याने मिळत नाही.

जोडणी

पॉलिएस्टरच्या धाग्यावर हिवाळ्यात जी वीज चढते, तीच आपल्या बोटांवरही असते आणि चिप मारू शकते. म्हणून भागांना हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. एएम४ प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा, दाबू नये. मागांच्या वस्तीत राहणाऱ्यांनी पंख्यांत अडकणारे कापसाचे तंतू दर महिन्याला, संगणक बंद करून, साफ करावेत.

हे काम अवघड नाही. आमच्या मुलीने एका दुपारी केले. शेजारच्या दोन मुलांनी ते पाहिले आणि पुढच्या वर्षी आपापले संगणक जोडले. पैसा वाचला तो थोडाच, पण बिघाड झाला तर झाकण उघडून पाहण्याची भीती गेली. तालीम घेणाऱ्या मुलांच्या हाती असा हुनर आला तर तो पुढे रोजीलाही उपयोगी पडेल. पालकांनी एवढेच करावे : पैसे मुलांच्या हाती द्यावेत, दुकानात सोबत जावे आणि बिल स्वतः वाचावे.