केंब्रिज विद्यापीठाचा उगम

विद्यापीठ म्हटले म्हणजे राजाची सनद व भव्य इमारती आमच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. केंब्रिजपाशी आरंभी यांपैकी काहीच नव्हते. इ. स. १२०९ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका विद्यार्थ्याच्या हातून एक स्त्री मारली गेली. तो पळाला, तेव्हा संतप्त नगरवासीयांनी त्याच्या बिऱ्हाडातील सोबत्यांस धरून फाशी दिले. राजा जॉन याचीही त्यास संमती होती! तेव्हा पुष्कळ गुरुशिष्यांनी गाव सोडले, व त्यांतील काही केंब्रिजास येऊन शिकवू लागले. १२१४ साली ऑक्सफर्डकरांस विद्यार्थ्यांची घरभाडी दहा वर्षे निम्मी करण्याची शिक्षा झाली व पाठशाळा पुन्हा उघडल्या. तरी काही मंडळी केंब्रिजासच राहिली. तेथील पहिले कॉलेज, पीटरहाऊस, १२८४ साली स्थापन झाले. म्हणजे पाऊणशे वर्षे हे विद्यापीठ कॉलेजावाचूनच चालले होते.