एका आकड्यातले जंगल

१९८२ साली अमेरिकेत ‘पिटफॉल’ नावाचा एक खेळ निघाला. ‘अटारी २६००’ हे यंत्र दूरचित्रवाणी संचाला जोडून तो खेळत. हॅरी नावाचा गडी जंगलातून धावतो, ओंडक्यांवरून उड्या मारतो, वेलीला लोंबकळून डबके ओलांडतो. २० मिनिटांत ३२ खजिने गोळा करायचे. खेळ गाजला, पण त्याच्या पोटात दडलेल्या गणिताकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. आज आपण तेच पाहू.

या जंगलाचे २५५ पडदे आहेत. आणि खेळाच्या कप्पीत जागा किती? अवघी ४०९६ बाइट! यंत्राची स्वतःची चालू स्मृती तर फक्त १२८ बाइट. चित्रे, उड्या, आवाज, गुण सारे यातच बसवायचे. एवढ्या जागेत २५५ चित्रे साठवणे शक्यच नव्हते. म्हणून खेळाचे निर्माते डेव्हिड क्रेन यांनी जंगल साठवलेच नाही. हॅरी पुढे सरकेल तसे ते मोजून काढले.

कागद-पेन्सिल घ्या. पहिल्या पडद्याचा आकडा १९६. द्विमान पद्धतीत तो ११०००१०० असा लिहितात. आता उजवीकडून चौथा, पाचवा, सहावा आणि आठवा अंक पाहा. त्यांत १ विषम वेळा आला असेल तर बाजूला १ लिहा, नाहीतर ०. येथे तो एकदाच आला आहे, म्हणून १. मग डावीकडचा टोकाचा अंक खोडा आणि उजव्या टोकाला हा नवा १ जोडा. मिळाले १०००१००१, म्हणजे १३७. हा दुसरा पडदा! असेच पुढे गेलात तर १८, ३७, ७५, १५१, ४६ हे आकडे येतील. पडताळून पाहाच.

प्रत्येक आकडा म्हणजे त्या पडद्याचे वर्णनच. डावीकडचे दोन अंक झाडांची मांडणी ठरवतात. मधले तीन अंक जमीन कशी ते सांगतात: खड्डा, डांबराचे डबके की मगरी. उरलेले तीन बहुधा ओंडका, विस्तव की नाग ते ठरवतात. मधले तीन अंक १०१ असले की तेथे खजिना! ४६ म्हणजे ००१०१११०. अर्थात सातव्या पडद्यावर पहिला खजिना. आणि खजिने ३२ च का? तीन अंक ठरले, उरलेले पाच कसेही असू शकतात, आणि २ चा पाचवा घात ३२.

आठ अंकांचे आकडे तर २५६ होतात, मग पडदे २५५ का? आठही अंक शून्य असतील तर नवा अंकही शून्यच येणार, हॅरी तेथेच अडकून पडला असता. तो एक आकडा या साखळीत कधी येत नाही.

आता खेळाडूची अडचण पाहा. २० मिनिटे म्हणजे १२०० सेकंद. २५५ पडदे वरूनच पार करायचे तर एका पडद्याला ५ सेकंदही मिळत नाहीत. त्यासाठी खाली भुयार आहे. भुयारातला एक पडदा ओलांडला की वरचे तीन मागे पडतात. पण भुयारात भिंती आहेत, आणि २५५ ला ३ ने पूर्ण भाग जातो. म्हणून भिंती नसत्या, तरी नुसते भुयारातून धावणाऱ्याला ८५ च पडदे भेटले असते. कोणत्या शिडीने वर यायचे हे आधी कागदावर काढून ठेवणारा खेळाडूच ३२ खजिने गाठू शकतो.

हॅरी डावीकडेही जातो. तेव्हा हीच कृती उलटी करावी लागते. १३७ वरून १९६ परत मिळवण्यासाठी कोणते चार अंक पाहावे लागतील?